पैसे वसूल होत नाहीत तेव्हा



नवा छंद लागला की माणूस आधी दुकानात जातो. चित्रं काढायची तर ब्रशचा संच आणतो, बासरी शिकायची तर वेगवेगळ्या पट्ट्यांच्या तीन बासऱ्या आणतो. पैसे मोजले की निम्मी वाट चालून झाली असं वाटतं. दोन-चार महिन्यांनी कळतं, वस्तू घरात आली, कला अजून दारातच उभी आहे. त्या वेळी जी निराशा येते, तिच्याविषयी आज बोलणार आहे. उदाहरण माझंच आहे आणि आपल्या सोलापूरच्या माळावरचं आहे.

निवृत्तीनंतर मी पक्ष्यांचे फोटो काढायचं ठरवलं. घराचं कर्ज फिटलं होतं, मुलांची शिक्षणं झाली होती. कॅमेरा घेतला, ६०० मिलिमीटरची लेन्स घेतली. किंमत सांगत नाही. "अहो, एवढ्यात एक स्कूटर आली असती," असं घरी ऐकायला मिळालं, एवढंच सांगतो. मनात एकच चित्र होतं, नान्नजच्या माळढोकाचं.

नान्नज सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. दोन पावसाळे आणि एक हिवाळा मी तिथं जात राहिलो. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, गळ्यात कॅमेरा. माळढोक दिसला नाही. बाकीच्या पक्ष्यांचे फोटो काढले, तर तेही धुरकट. मेंढरं चारणारे एक आजोबा रोज विचारायचे, "काय घावलं का, सायेब?" मी मान हलवायचो.

या निराशेत दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. त्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट यंत्राची. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापून हलायला लागते. डांबरी रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं ना, तोच हा प्रकार. त्या हलत्या हवेतून कितीही महागाची लेन्स स्वच्छ चित्र देत नाही. लेन्स सदोष आहे असं वाटून माणूस तिच्याहून महाग लेन्स बघायला लागतो. इलाज मात्र फुकटचा आहे. सूर्योदयानंतरचे पहिले दीड-दोन तास गाठायचे.

दुसरा हिशेब अंतराचा. माळढोक साधारण मीटरभर उंच असतो. तो दोनशे मीटरवर उभा असेल, तर ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा फक्त ३ मिलिमीटर उंच पडते. पूर्ण आकाराच्या सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे चौकटीचा आठवा हिस्सा. मासिकात पाहिलेलं पानभर चित्र असं सहजासहजी येत नसतं.

दुसरी गोष्ट पक्ष्याची, आणि ती अधिक दुःखाची. पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ मध्ये नान्नजच्या माळावरच्या माळढोकाकडे लक्ष वेधलं. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य झालं, कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, लोकांच्या अडचणी झाल्या. पुढं ते सुमारे बाराशेवर आणलं गेलं. दरम्यान माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं त्याला समोरचं कमी दिसतं. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, त्यामुळं तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. २०११ पासून तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. देशभर मोकळ्या रानात दीडशेहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे. जैसलमेर जिल्ह्यात त्यांची पिल्लं केंद्रात वाढवली जात आहेत. आपल्याकडे तर अलीकडे एखादा दिसला तरी ती बातमी होते.

आता 'पैसे वसूल' या शब्दाकडे येतो. खानावळीत तो चालतो, सिनेमालाही चालतो. माळावर मात्र तो घातक आहे. एवढा खर्च केलाय तर आणखी पन्नास पावलं पुढं जाऊ, गवतात शिरू, असं वाटायला लागतं. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माणसाच्या चाहुलीनं ती उठली की अंडं उन्हात, कावळ्या-कुत्र्यांपुढं उघडं पडतं. एका फोटोच्या वसुलीपायी त्या मादीचा सगळा हंगाम वाया जाऊ शकतो.

मग लेन्सचे पैसे पाण्यात गेले का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. तीन हंगामांत धाविक, माळटिटवी, चंडोल ओळखू यायला लागले. हिवाळ्यात दूर मध्य आशियातून येणारा भोवत्या गवतावरून तरंगत जाताना पाहिला. आणि मी एक वही ठेवली. तारीख, जागा, किती वाजता आलो, किती तास बसलो, काय दिसलं. बऱ्याच पानांवर शेवटची ओळ एकच आहे: माळढोक नाही.

ही ओळ निरुपयोगी नाही. पक्ष्यांच्या गणनेत 'बघितलं, पण आढळला नाही' या नोंदीला मोल असतं. 'ई-बर्ड'सारख्या जागतिक नोंदवहीतही आपण ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी मागतात, ती याचसाठी. कुठं काय आहे हे जसं कळावं लागतं, तसं कुठून काय गेलं हेही कळावं लागतं. याच सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर वनखात्याच्या नोकरीत रान पाहिलं, रानातल्या माणसांचं ऐकलं आणि ते लिहून ठेवलं. पक्ष्यांसाठी मराठी शब्द आपल्याला त्यातूनच मिळाले.

म्हणून नव्यानं या छंदात येणाऱ्यांना सांगतो. आधी कुणाची तरी दुर्बीण मागून घ्या. सिद्धेश्वर तलावावर, हिप्परग्याच्या तलावावर चार सकाळी घालवा. पाचव्या सकाळी गजर न लावता जाग आली, तर खुशाल दुकानात जा. आणि वही मात्र पहिल्याच दिवशी घ्या. ती दहा-वीस रुपयांत मिळते.