एकच गाडी, दोन पगार
(शाखेच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



अमेरिकेतील शिकागो, न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांत गोऱ्या-काळ्या कामगारांच्या पगारात तफावत कशी राखली गेली, हे आपण रेल्वेच्याच उदाहरणावरून पाहू.

शिकागोच्या पुलमन कंपनीचे शयनयान डबे देशभर धावत. कंडक्टर गोरा, पोर्टर काळा. बिछाने घालणे, बूट पुसणे, रात्रभर घंटीला धावणे ही पोर्टरची कामे. १९२५ साली त्याचा मूळ पगार महिना ६७.५० डॉलर. त्यासाठी सुमारे ४०० तास किंवा ११,००० मैल. गाडी सुटण्यापूर्वीच्या तयारीची मजुरी नाही. पॉलिशसुद्धा पदरचे. बाकी भिस्त बक्षिशीवर. नाव काहीही असो, प्रवासी हाक मारत ‘जॉर्ज’, म्हणजे मालकाच्या नावाने! काही गाड्यांवर कंडक्टरचे कामही पोर्टरच करी. पण मिळे तो किरकोळ भत्ता, कंडक्टरचा पगार नव्हे. काम तेच, हुद्दा वेगळा म्हणून पगार वेगळा. मेख इथेच आहे.

दुःखाची गोष्ट अशी की, गोऱ्या रेल्वे कामगारांच्या संघटनांनीही काळ्यांना दार बंद केले होते. रेल्वे टपाल सेवेतील काळ्या कारकुनांना म्हणूनच १९१३ साली स्वतंत्र संघटना काढावी लागली. पोर्टरांनी २५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात युनियन उभारली. अध्यक्ष ए. फिलिप रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना कामावरून काढू शकली नाही. सभासदांच्या नोकऱ्या मात्र गेल्या. तरी १२ वर्षे झुंजून १९३७ साली करार झाला. महिन्याचे तास २४० वर आले, पगार वाढला.

मित्रांनो, आपल्याकडे गोरा-काळा भेद नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. एसी डब्यात चादरी देणारा कंत्राटी कामगार आणि खेड्यात टपाल वाटणारा ग्रामीण डाक सेवक यांच्याकडे पाहा. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. पण निकाल आपोआप पगारपत्रकात उतरत नाही. त्यासाठी मागे युनियन लागते. कायम कामगारांनी या भावांना दारात उभे ठेवले, तर उद्या त्यांचाच कमी दर दाखवून आपल्या जागा कमी केल्या जातील.

म्हणून पुढच्या मागणीपत्रकात त्यांची मागणी पहिली असू द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!