सिनेमा कसा वाटला?

(गंगाखेड येथे बचतगटांतील कार्यकर्त्या बायांच्या शिबिरात केलेले भाषण)

माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकून सकाळी चहाच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, "ताई, सिनेमावर काय भाषण करता? रेशनचं बोला, पाण्याचं बोला." मावशींचं खरं आहे. पण गेल्या वर्षभरात आपण समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर लावून जे दोन-तीन सिनेमे पाहिले, त्यानंतर ज्या गप्पा झाल्या तशा गप्पा आपल्या मीटिंगमध्ये कधी झाल्या नव्हत्या. म्हणून त्यावरच बोलते.

माझी आई सांगते, १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया ट्रॅक्टरमध्ये बसून तालुक्याला गेल्या होत्या. अलका कुबलचे हाल बघून सगळ्या पोटभर रडल्या आणि घरी येऊन भाकरी थापायला बसल्या. "मन हलकं झालं," आई म्हणते. घरात मात्र काही बदललं नाही. आता मला फरक दिसतो तो असा, की बाया नायिकेसाठी रडत बसत नाहीत, तिच्याशी भांडतात.

'मिसेस' हा २०२५ चा हिंदी सिनेमा घ्या. २०२१ च्या 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळी सिनेमावरून तो काढला आहे. शिकलेली, नाच येणारी सून दिवसभर स्वयंपाकघरात, आणि सासऱ्यांना चटणी पाट्यावरचीच लागते. शहरात या सिनेमावर पुष्कळ चर्चा झाली. आपल्याकडे एकजण म्हणाली, "तिला घरात नळ तरी हाय. आमचं निम्मं आयुष्य हंड्यात गेलं." सगळ्या हसल्या. पण थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण माय, शेवटी जेवायचं ते तिलाबी आन् मलाबी." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं आहे.

मग 'लापता लेडीज' पाहिला. किरण राव यांचा, २०२४ चा. घुंगटामुळे रेल्वेत दोन नवऱ्यांच्या बायका बदलतात, त्याची गोष्ट. सगळ्यांना स्टेशनवरची चहावाली मंजूमाई फार आवडली. एकटी राहते, स्वतःचं कमावते, कुणाला भीत नाही. फौजदारावर मात्र वाद झाला. लाच खाणारा तो फौजदार शेवटी जयाला शिकायला जाऊ देतो. मला ते बरं वाटलं होतं. पण पालमच्या बाजूची एक बाई म्हणाली, "सिनेमातला फौजदार सुधरला. आपल्या पोरीनं तो सुधरायची वाट बघत बसावं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

तिसरा सिनेमा 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात काढलेला, २०२५ साली थिएटरात आलेला. सविता नावाची शेतकऱ्याची मुलगी बी.ए. करते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. पण घरात एकामागून एक पाहुणे येतात. तेच पाट, तेच पोहे, नाव, उंची, छंद हे तेच प्रश्न. बाप कापूस पिकवतो आणि भाव मिळत नाही. हे तर आपलंच घर आहे.

हा सिनेमा बघताना मला बसवेना. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मलाही चार वेळा तसंच बसवलं होतं, ते आठवलं म्हणून नव्हे. तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा तिला पदर नीट करून देणारी आणि "उंची विचारली तर एक इंच वाढवून सांग" असं कानात सांगणारी मीच होते. दुसऱ्या गावात जाऊन मी स्त्री-पुरुष समानतेवर बोलत होते, आणि घरी ट्रे माझ्या हातात होता. हे मी तुमच्यासमोर कबूल करते.

पण सगळ्यात मोठा धक्का सिनेमा संपल्यावर बसला. मी नेहमीसारखं विचारलं, "कसा वाटला?" मागे बसलेली एक मुलगी, नववीतली, म्हणाली, "ताई, सवितेला बी.ए.पर्यंत ठेवलं. तिला नाव तरी इचारलं. मला तर कुणी कायबी इचारलं नाही, दिवाळीच्या आधी लगीन हाय."

समाजमंदिर एकदम गप्प झालं. तिची आई तिथंच बसलेली होती.

मैत्रिणींनो, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी जवळपास २२ टक्के बायांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. आपल्या परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे दोघींमागे जवळजवळ एक. कारणं तुम्ही मला शिकवलेली आहेत. ऊसतोडीला जोडप्याचा कोयता धरतात, जोडप्याला उचल मिळते. पोरगी एकटी घरी ठेवायची भीती वाटते. पुढच्या वर्षी हुंडा वाढेल ही दुसरी भीती. आठवीच्या पुढची शाळा लांब, एस.टी.ची वेळ जुळत नाही. आई-बाप राक्षस नसतात, कोंडीत सापडलेले असतात.

त्या रात्री ती आई घरी गेली नाही. पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, "ताई, हाच सिनेमा आमच्या माणसांना दाखवा." आठ दिवसांनी मारुतीच्या पारावर दाखवला. पहिल्यांदा पुरुष हसत होते, कारण सुरुवातीला सवितेच्या स्वप्नात बाया पुरुषाला बघायला येतात आणि प्रश्न विचारतात. पुढे हसणं कमी कमी होत गेलं. कापसाच्या भावाशी आले तेव्हा कुणी बोलेना. मुलीचा बाप शेवटपर्यंत थांबला, पण माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी गटातल्या पाचजणी त्याच्या घरी गेल्या. कायद्याने अठरा वर्षं लागतात हे सांगितलं. ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, ते गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांच्या कानावर घातलं. पोरीच्या शाळेच्या जाण्यायेण्याचं काय, हेही गटाने बसून ठरवलं. लग्न थांबलं आहे. कायमचं थांबलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक दिवाळीला आम्हाला त्या घरी जावं लागणार आहे.

सिनेमाने हे केलं असं कुणी समजू नका. त्या मुलीने तोंड उघडलं, आणि तिच्या आईने ते ऐकून घेतलं. सिनेमामुळे इतकंच झालं, की स्वतःच्या घराबद्दल बोलायची चोरी असते ते सवितेच्या घराबद्दल बोलता बोलता बाहेर आलं.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. गावात पुन्हा चादर लावाल तेव्हा "कसा वाटला" एवढं विचारून उठू नका. "यातलं आपल्या घरात काय आहे?" असं विचारा आणि थांबा. मागच्या ओळीतल्या पोरींना आधी बोलू द्या. तोडीचा हंगाम लागायच्या आधी हे करा. आणि १०९८ हा नंबर समाजमंदिराच्या भिंतीवर, चादरीच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मावशी, आता रेशनचं बोलू.