लाल रेघ, निळी रेघ



जीवशास्त्राच्या बाईंची सक्त ताकीद आठवते का? रक्ताभिसरणाच्या आकृतीत धमनी लाल, शीर निळी, मध्ये केशवाहिन्यांचं जाळं. लाल रेघ थेट निळीला टेकली की अर्धा गुण गेला. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यामागे नेमकी हीच चूक झाली.

आधी डावा डोळा लाल झाला. दिवसभर स्क्रीनसमोर बसते, त्यामुळे असेल असं वाटलं. डोळे आल्याचे थेंब झाले, ॲलर्जीचे झाले. खाज नाही, चिकटा नाही, पण तीन महिने लाली हटेना. डोळ्यातला दाब मोजला तर ३४. एरवी तो १० ते २१ असतो. म्हणजे काचबिंदू. थेंब घालूनही दाब पुरेसा उतरेना.

त्याच काळात रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात नाडीच्या ठोक्याबरोबर फुस्स-फुस्स आवाज यायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांना कानाचं काय सांगायचं, म्हणून मी गप्प. शेवटी चौथ्या डॉक्टरांनीच विचारलं, "कानात आवाज येतो का?" तिथून उलगडा झाला.

डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी शिरांचा एक कप्पा असतो. तिथे धमनीच्या बारीक फांद्या थेट शिरांना जोडल्या गेल्या होत्या. धमनीचं जोराचं रक्त शिरेत घुसलं की डोळ्याकडचं रक्त मागे तुंबतं. डोळ्यात सतत तयार होणारं पाणीही याच शिरांवाटे निघून जातं. थोडक्यात, घरातली मोरी साफ होती, बाहेरचं गटार तुंबलं होतं.

अँजिओग्राफीत तो जोड दिसला. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी बसवली आणि तो बंद केला. त्या रात्री कान शांत होता. पुढच्या काही आठवड्यांत लाली गेली, दाब उतरला. पण नाकाच्या बाजूची थोडी नजर गेली, ती गेलीच. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

लॉगमधली एकही ओळ गाळू नका, असं मी टीमला रोज बजावते. डॉक्टरांना मात्र मी निम्माच लॉग दिला! हा प्रकार मध्यमवयीन बायकांत जास्त दिसतो, म्हणून मैत्रिणींनो, मुद्दाम सांगते. लाल डोळा थेंबांनी बरा होत नसेल, तर दाब मोजून घ्या. आणि क्षुल्लक वाटेल तेही डॉक्टरांना सांगा.

बाई, तो अर्धा गुण तुम्ही बरोबरच कापला होता.