कुलूप आणि किल्ली : तातडीच्या उपचारांत रुग्णाची माहिती
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तू नेमकं काय काम करतेस ते सगळ्यांना कळेल असं सांग," असा संयोजकांचा निरोप होता, आणि वेळ दिला दहा मिनिटं. मी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करते आणि त्यात तातडीच्या उपचारांचा भाग सांभाळते. आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, नर्स आहेत, मेडिकल दुकानवाले आहेत. चाळिशी ओलांडल्यामुळे थोडेफार पेशंट तर आपण सगळेच आहोत. म्हणून विषय सर्वांचाच.

समजा, मोहोळजवळ हायवेवर अपघात झाला. कुणीतरी १०८ फिरवतो. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून जवळची गाडी निघते. २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झालेली ही सेवा आज खेड्यापाड्यांत लोकांना तोंडपाठ आहे. गाडीत डॉक्टर असतो. तो नाव, वय, रक्तदाब, आधीचे आजार विचारतो. बाई असेल तर दिवस गेले आहेत का, हेही विचारतो. ही माहिती तासाभरात नियंत्रण कक्ष, गाडी, कॅज्युअल्टी, लॅब, आयसीयू आणि विम्याचं टेबल एवढी फिरते. पेशंट मात्र बेशुद्ध असतो. कुणाला काय सांगायचं, हे त्याच्या हातात नसतं.

आपलं सोलापूर कितीही वाढलं, तरी "तू अमक्यांची मुलगी ना?" असं विचारणारं माणूस चौकाचौकात भेटतं. अशा गावात एखाद्या मुलीने विष घेतलं होतं, कुणाला टीबी आहे, कुणाची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, ही बातमी बाहेर गेली तर लग्न मोडतं, नोकरी जाते, भाड्याची खोली सोडावी लागते. एटीएम कार्डाचा नंबर चोरीला गेला तर बँक दुसरं कार्ड देते. आजार बदलून मिळत नाही. २०१६ साली मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे सापडले. त्यांत एचआयव्हीचेही होते. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. कुलूप लावलेलंच नव्हतं.

हे कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. आपल्याकडे ते समजावणं सोपं आहे, कारण जेकार्ड माग बहुतेकांनी पाहिला आहे. कुठला धागा वर उचलायचा, हे भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात. आता कल्पना करा, चादर पूर्ण उसवली आणि सगळे धागे मिसळून टाकले. समोर नुसता गुंता. ज्याच्याकडे पुठ्ठ्यांचा तोच संच आहे, त्यालाच मोराचं चित्र पुन्हा विणता येईल. एन्क्रिप्शनमध्ये माहितीचा असा गुंता होतो, आणि पुठ्ठ्यांचा संच म्हणजे किल्ली. जगभर वापरली जाणारी एईएस ही पद्धत २००१ पासून प्रमाण मानली जाते. ती कशी चालते हे कुणालाही वाचता येतं. गुप्त असते ती फक्त किल्ली. २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजल्या तर ७८ अंकी संख्या येते. एकेक किल्ली लावून पाहणाऱ्याचं आयुष्य पुरणार नाही. आणि सर, "मूळ संख्यांचा पुढे काय उपयोग?" असं आम्ही वर्गात विचारायचो. १९७७ पासून कुलपांची एक जात मूळ संख्यांच्या गुणाकारावरच उभी आहे!

माझं डॉक्टरांशी नेहमी भांडण होतं ते वेगळ्याच मुद्द्यावर. एका रुग्णालयात एक डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, इथे पेशंट जातोय आणि तुमचं मशीन पासवर्ड मागतंय!" त्यांचा राग बरोबर होता. पण उशीर एन्क्रिप्शनमुळे होत नाही. ईसीजीला कुलूप लागायला आणि उघडायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. उशीर होतो तो लॉगिनच्या पायऱ्यांमुळे. त्यावर उपाय आहे. आगीच्या अलार्मची काच फोडतात तसं एक बटण ठेवायचं. दाबलं की पेशंटची फाइल लगेच उघडते. मात्र कुणी, कधी, कशासाठी उघडली याची नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी ती कुणीतरी तपासतं. आधी जीव, मग जाब.

कायदाही साधारण हेच म्हणतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा जिवावर बेतलेल्या प्रसंगी संमतीशिवाय माहिती वापरू देतो. पण माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्या वेळीही सुटत नाही. त्यात हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे.

एन्क्रिप्शन केलं म्हणजे निश्चिंत झालो, असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची माहिती हल्लेखोरांनीच एन्क्रिप्ट करून टाकली, आणि ओपीडीपासून लॅबपर्यंत कित्येक दिवस कागद-पेनावर काम चाललं. कुलूप तेच, पण किल्ली चोराच्या हातात. म्हणून माहितीची एक प्रत नेटवर्कपासून तोडून वेगळी ठेवावी लागते, आणि ती खरंच उघडते का हे अधूनमधून पाहावं लागतं.

आता इथे बसलेल्या डॉक्टर मित्रांना हक्काने सांगते. तालुक्याहून तुम्हाला व्हॉट्सअॅपवर ईसीजीचा फोटो येतो, तुम्ही दोन मिनिटांत सल्ला देता आणि माणूस वाचतो. हे बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. व्हॉट्सअॅपचा संदेश वाटेत एन्क्रिप्टेड असतो, पण पोहोचल्यावर तोच फोटो गॅलरीत पडून राहतो, आणि मुलं त्याच फोनवर गेम खेळतात. म्हणून फोटोत नाव येऊ देऊ नका, काम झालं की तो काढून टाका आणि फोनला लॉक लावा. दवाखान्यात सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड नको. तो मॉनिटरला चिकटवलेला तर मुळीच नको. काम सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही.

आणि आपण जे पेशंट आहोत, त्यांनी दवाखान्यात एवढंच विचारायचं : "माझी फाइल कोण कोण पाहू शकतं?" चार जणांनी विचारलं की पाचव्याच्या वेळी उत्तर तयार असतं.

ज्यांचे स्वतःचे दवाखाने आहेत, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. उद्या संध्याकाळपर्यंत मी सोलापुरात आहे. तुमच्याकडे येऊन एक तास बसेन आणि फी म्हणून शेंगाचटणी घेईन. वेळ पाळायला बाईंनी शिकवलं आहे, म्हणून इथेच थांबते.