धीर कशावर टिकतो?



दुष्काळ पडला, की आधी पाणी आटतं.
मग चारा संपतो.
मग माणसाचा धीर सुटू लागतो.
हा धीर टिकतो तरी कशावर?

1630 च्या सुमाराचा दुष्काळ आठवा.
देहूत तुकोबांचा व्यापार बुडाला.
पत्नी अन्नावाचून गेली.

त्या पडझडीत त्यांनी मोडकं देऊळ दुरुस्त केलं.
आणि आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते.
देवाला धरलं.
कर्जात बुडालेल्या माणसालाही मोकळं केलं.
मला हे दुसरं फार मोठं वाटतं.

आता माणदेशातल्या आपल्या म्हसवडला या.
साल 2012.
पुन्हा दुष्काळ, माणगंगा नदी कोरडी.
माणदेशी फाउंडेशननं गुरांची छावणी उभारली.
जनावरांमागं माणसंही तिथंच राहायला आली.
गावोगावची कुटुंबं पालांत शेजारी झाली.
शेणघाण काढता काढता सुखदुःख बोलू लागली.
दावणीला बैल होता, म्हणून पहाटे उठायला कारण होतं.

देवाला धरायचं, आणि माणसालाही धरायचं.
पुन्हा सांगते, माणसालाही.

मार्गशीर्षात सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो.
रथाला म्हसवडला आलात, तर तिथल्या जाणत्या माणसांना छावणीचे दिवस जरूर विचारा.