मॅडम गेल्यावर काय उरते?

(समाजकार्याच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी गोंदिया येथे झालेल्या निरोप मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागच्या दोन रांगांत बसलेल्या मित्रांनो,

मला विषय दिला आहे ‘नेतृत्व आणि संधी’. पण आत येण्यापूर्वी चहा घेताना तुमच्यापैकी तिघीचौघींनी मला एकच प्रश्न विचारला, “ताई, एम.एस.डब्ल्यू. करून नोकरी लागते का?” विचारताना तुम्ही जरा लाजलात. लाजू नका. पोटाचा प्रश्न हलका नसतो. मी दोन्हींबद्दल बोलणार आहे. मात्र सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते, कारण नेतृत्व म्हणजे काय ते मला वर्गात कळले नाही, त्या चुकीतून कळले.

नागपुरातून एम.एस.डब्ल्यू. करून मी या जिल्ह्यात आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. समुदाय संघटनाच्या पेपरात चांगले गुण होते आणि अंगात भरपूर जोर होता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात परवान्याचे देशी दारूचे दुकान होते. बाया त्रासलेल्या होत्या. मी त्यांना सांगितले, कायदा आपल्या बाजूने आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के बायांनी सह्या करून मागणी केली, तर मतदान घ्यावे लागते. ‘आडवी बाटली’ या चिन्हाला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते पडली, तर दुकान बंद होते.

मग काय! अर्ज मी लिहिला. सह्या मी गोळा केल्या, संस्थेच्या गाडीतून घरोघर फिरून. तहसीलमध्ये मी बोलले, जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन मी दिले. पेपरात फोटो आला त्यात मधोमध मीच उभी. घरी आईने तो फोटो कापून ठेवला.

सह्यांची पडताळणी करायला अधिकारी गावात आले तो दिवस रोवणीचा होता. मी प्रशिक्षणासाठी नागपूरला गेले होते. सह्या केलेल्या बाया सकाळपासून बांधीत चिखलात उभ्या होत्या. रोवणीची मजुरी वर्षातून एकदाच येते, ती कोण सोडणार? ज्या थोड्या घरी होत्या, त्यांना साहेबांनी विचारले, “ही सही तुमचीच का? कशासाठी केली?” शेजारी दुकानदाराची माणसे उभी होती. बाया गप्प राहिल्या. सह्या कमी भरल्या. अर्ज निकालात निघाला.

मी परत आले आणि बायांवर चिडले. तेव्हा ढिवर समाजातल्या एका विधवा बाईने, जिला सारे गाव मावशी म्हणते, मला ऐकवले, “म्याडम, तुमी नोता तं आमाले काई सुचला नाई. समदा तुमालेच मालूम होता.”

सगळे तुम्हालाच माहीत होते! मैत्रिणींनो, माझ्या कामाचे इतके नेमके मूल्यमापन त्यानंतर कोणीच केलेले नाही. मी त्या बायांना पुढे आणले असे मला वाटत होते. खरे तर त्यांच्या पुढे मीच उभी राहिले होते.

दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा हालचाल सुरू केली. या वेळी मला बोलावले ते फक्त कायद्याचा कागद समजावून सांगायला. मतदारयादी अंगणवाडीच्या मदतनीस बाईने मिळवली. तिला प्रत्येक घर ठाऊक होते. कोणती बाई बाळंतपणाला माहेरी गेली, कोणती नवऱ्याबरोबर कामाला बाहेरगावी गेली, हे तिने यादीवर खुणा करून मांडले. मोजणी एकूण महिला मतदारांवर होते, म्हणजे गैरहजर बाईचे मत दारूच्या बाजूनेच धरल्यासारखे होते. हे मी त्यांना शिकवले नव्हते. त्या हिशेब करता करता ते त्यांनाच उमगले. पडताळणी आणि मतदान रोवणी-कापणीच्या दिवसांत नको, अशी मागणी त्यांनी स्वतः लेखी दिली. साहेबांशी मावशी बोलली. तिला लिहिता येत नाही, पण मध्येच तोडून बोलणाऱ्या माणसाला थांबवता येते. मी त्या दिवशी मागे, कडुलिंबाखाली बसले होते.

बाटली आडवी झाली. गावातली सगळी दारू संपली असे मात्र मी सांगणार नाही. मोहाची दारू चोरून अजूनही निघते आणि बाया अजूनही तक्रारी करतात. पण आता तक्रार करायला त्यांना मी लागत नाही. माझा प्रकल्प केव्हाच संपला आहे.

म्हणून तुम्हाला एकच कसोटी सांगते. मॅडम गेल्यावर गावात काय उरते? तुम्ही बदलून गेलात, निधी संपला, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलात, तर बायांची बैठक पुढच्या महिन्यात भरेल का? भरणार असेल तर तुम्ही नेतृत्व केले. नसेल तर तुम्ही फक्त नोकरी केली, मग फोटो कितीही छापून येवोत.

हे जमायचे कसे? साध्या सवयी आहेत. कार्यालयात एकटीने जाऊ नका, दोन बायांना बरोबर न्या. पहिल्या खेपेला तुम्ही बोला, दुसऱ्या खेपेला त्यांना बोलू द्या आणि तिसऱ्या खेपेला घरी राहा. अर्जाची पोच घ्यायला त्यांना शिकवा आणि ती पोच गावातल्या फाईलमध्ये ठेवा, तुमच्या पिशवीत नको. बैठकीची वेळ बायांच्या कामावरून ठरवा. तेंदूपत्त्याच्या हंगामात भल्या पहाटे जंगलात जाणारी बाई तुमच्या अकराच्या बैठकीला कशी येईल? आणि बैठकीत कोण बोलले नाही, त्याची नोंद ठेवा. बहुतेक वेळा ती सर्वांत गरीब बाई असते, किंवा ज्या जातीच्या घरचे पाणी बाकीच्या पीत नाहीत त्या घरची असते. आपल्या बचतगटांतही जात बसलेली असते. तिच्याकडे डोळेझाक करून स्त्रियांचे नेतृत्व उभे राहत नाही.

आता संधींबद्दल. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही, असे तुम्हाला वाटते. जा, जरूर जा, शिकून या. पण आपल्या जिल्ह्यातही पाहा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा आहे. इथे तुमच्या शिक्षणाला जागा आहे, फक्त तिच्यावर मोठी पाटी लावलेली नसते.

पहिली जागा बचतगटांची. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, ‘उमेद’ अभियान २०११ मध्ये सुरू झाले. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी त्याची रचना आहे. तिथे काम मिळाले तर नुसती कर्जफेडीची वही तपासत बसू नका. गटात आठवड्याला वा महिन्याला बाया एकत्र बसतात, ही केवढी मोठी ताकद आहे! त्या बैठकीत रेशन, शाळा, मारहाण हे विषय आले पाहिजेत.

दुसरी जागा हिंसाचाराच्या प्रश्नाची. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुंबईच्या पोलीस यंत्रणेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. पुढे हे काम राज्यभर पसरले. आज कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, ‘सखी’ केंद्रे आहेत. या खुर्च्यांवर बसणारी बाई “जरा सांभाळून घे” म्हणणारी आहे की “तुझा हक्क काय ते ऐक” म्हणणारी आहे, यावर एखादीचा जीव अवलंबून असतो.

तिसरी जागा समित्यांची. आपल्यापैकी फार थोड्यांना ती माहीत असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. दहापेक्षा कमी माणसे जिथे कामाला आहेत तिथल्या बाया, घरकामगार बाया, किंवा ज्यांची तक्रार मालकाविरुद्धच आहे अशा बाया, यांनी तिथे जायचे. आपल्या छोट्या राईस मिलमध्ये काम करणारी बाई आठवा. तिला ही समिती आहे हे कोणी सांगितले? या समितीची अध्यक्ष सामाजिक कार्यातली स्त्री असावी असे कायदाच म्हणतो. बाल कल्याण समितीसाठी मुलांच्या क्षेत्रातला सात वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आज कामाला सुरुवात केलीत तर पुढे तुम्ही त्या खुर्चीसाठी अर्ज करू शकता. आतापासून कामाच्या नोंदी आणि अनुभवाचे दाखले जपून ठेवा.

चौथी जागा जंगलाची आणि पाण्याची. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीसारखा पेसा कायदा इथे लागू नाही. पण वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि तो इथेही लागू आहे. गावाच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. दावे मंजूर करणाऱ्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकीही किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. म्हणजे बाया आल्याच नाहीत तर गावाचा ठराव कच्चा राहतो. ही केवढी पकड कायद्याने दिली आहे! सह्यांपुरते बोलावलेल्या बाईला ठरावात काय लिहिले ते समजेपर्यंत बसवून ठेवणे, हे तुमचे काम.

तलावांचेही तसेच. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे जुन्या मालगुजारी तलावांचे काम उभे केले. त्याच समाजातल्या शालू कोल्हे यांनी बायांना संघटित करून तलावाच्या कामात उतरवले. बेशरमची झुडपे उपटायची, पाणवनस्पती लावायच्या, देशी मासे परत आणायचे. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे आपल्या अभ्यासक्रमात नव्हते. पदवी घेऊन गावात जाल तेव्हा आधी विद्यार्थिनी म्हणून जा, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

आणि पाचवी जागा पंचायतीची. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरमध्येच होते. ती खरोखर भरवणे हा तुमचा पहिला वर्षभराचा कार्यक्रम होऊ शकतो. आणि उद्या तुम्ही स्वतः निवडणुकीला का उभ्या राहू नये?

शेवटी थोडे स्वतःबद्दल. एका संस्थेत मी महिनोन्‌महिने जास्त रकमेच्या पावतीवर सही करून कमी पगार घेतला. “ही सेवा आहे” असे मला सांगितले जाई, आणि मी गावात जाऊन बायांना किमान वेतनाचा हक्क शिकवीत असे! एके दिवशी मला माझीच लाज वाटली. मी सही नाकारली आणि ती नोकरी सोडावी लागली. पुढचे चार महिने कठीण गेले, हेही खरे. म्हणून सांगते, नेमणुकीचे पत्र मागा. पगार बँकेत मागा. तुमच्या संस्थेत तक्रार समिती आहे का ते विचारा. रात्री देवरी-सालेकसाकडून परतायची वेळ आली तर गाडीची जबाबदारी कोणाची, ते आधी ठरवून घ्या. हे एकटीने मागता येत नाही. आज इथे बसलेल्या तुम्ही सगळ्याजणी महिन्यातून एकदा भेटायचे ठरवा. बायांना संघटित व्हा म्हणणाऱ्या आपणच एकेकट्या राहतो, ही आपली मोठी कमजोरी आहे.

विदर्भात आपल्याला हा वारसा आहे. नागपूरला १९२१ साली कमलाताई होस्पेट या बालविधवेने मातृसेवा संघ उभा केला. त्याच संस्थेने पुढे १९५८ मध्ये समाजकार्याचे शिक्षण सुरू केले. कमलाताई गेल्या, पण काम उरले. मोठ्या बायांची गोष्ट म्हणून तिला हार घालू नका, कसोटी म्हणून तिच्याकडे पाहा.

परवा मावशी बाजारात भेटली. मी विचारले, “बैठक होते का गं?” ती म्हणाली, “होते नं. तुमाले टाइम असन तं येजा.”

वेळ असेल तर या! मला आजवर मिळालेले हे सगळ्यात चांगले प्रमाणपत्र आहे. तुम्हा सगळ्यांना ते लवकर मिळो.

जिंदाबाद!