साप : वैरी, खेळणे की शेजारी?



वसंतातल्या संध्याकाळी साहित्य-संगीतासारखे विषय शोभतात. आम्ही सापाचे नाव सुचविले तेव्हा चिटणीसांचा चेहरा जरा उतरला. परंतु आम्ही न्हावा-शेव्याकडचे. आमच्या लहानपणी तिकडे दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेत नसत, 'जनावर' म्हणत. आज दिवे लागल्यावर, एवढ्या लोकांसमोर, आम्ही ते नाव घेत आहोत, याला कारण आहे. ते पुढे सांगू.

न्हावा आणि शेवा ही पनवेल-उरणच्या बाजूची खाडीकाठची गावे. भोवती भातखाचरे, मिठागरे आणि तिवरांची खाजणे. भात आले की उंदीर आला, आणि उंदरामागे धामण आली. पाणथळीत बेडूक-मासे खाणारी दिवड, बांधावर नाग, झुडुपांत घोणस, कोरड्या खडकाळ जागी फुरसे. कोळ्यांच्या जाळ्यात कधी चपट्या शेपटीचा समुद्रसर्प येई. तो अतिविषारी, म्हणून जपून सोडवून पाण्यात टाकीत. म्हणजे सापाशी आमची ओळख पुस्तकातली नव्हती.

पुढे बंदराचे काम आले. खाजणांत भराव पडला आणि २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेव्याच्या कोळीवाड्यातील माणसांना घरे सोडावी लागली. माणसे निदान अर्ज करतात, मोर्चे काढतात. सापाला अर्ज करता येत नाही. त्याचे बीळ बुजले की तो दुसरा आडोसा शोधतो, आणि तो आडोसा पुष्कळदा आपल्या घरामागचा विटांचा ढीग असतो. मग आपण म्हणतो, साप घरात शिरला! कोण कोणाच्या घरात शिरले, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता आमची गोष्ट. बारा-तेरा वर्षांचे असताना आम्ही एक दिवड धरली. ती बिनविषारी, पण स्वभावाने तापट. हाताला चावून तिने रक्त काढले. आम्ही ती माठात घातली, वर फडके बांधले आणि तिला पाळले. बेडूक दिले, तिने तोंड लावले नाही. कोणीतरी दूध ठेवावयास सांगितले, तेही ठेवले. दूध हे सापाचे अन्न नव्हे, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. काही दिवसांनी ती माठातच मेली. परंतु तोपर्यंत आळीत आमचा लौकिक झाला होता : 'याला सापातले कळते!' त्या वयात असा लौकिक फार गोड लागतो.

त्याच पावसाळ्यात एके पहाटे शेजारच्या घरातून आम्हांस बोलावणे आले. तिथली तरुण सून जमिनीवर अंथरूण घालून निजली होती. मध्यरात्री तिच्या पोटात कळा येऊ लागल्या, घसा धरला, पापण्या जड झाल्या. कोणी म्हणाले, जनावर तर चावले नाही ना? आम्ही ऐटीत हात-पाय पाहिले. व्रण नाही, सूज नाही, रक्त नाही. दिवड चावली तेव्हा आमचा हात कसा रक्ताळला होता, ते आठवून आम्ही सांगितले, "साप चावता तर सूज आली असती." घरच्यांना धीर आला. दवाखान्याची वाट राहिली आणि भगताला निरोप गेला. दिवस वर येईपर्यंत तिचा श्वास थांबला. पुढे गोधडीखाली मण्यार सापडली.

मण्यारीचा दंश असाच असतो. ती रात्री हिंडते, निजलेल्या माणसास चावते. दंश मुंगीच्या चाव्याएवढाही जाणवत नाही. तिचे विष मज्जातंतूंवर चालते, प्रथम पापण्या मिटतात, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घोणस आणि फुरसे यांचे विष मुख्यतः रक्त गोठण्याची शक्ती नासविते. तिथे सूज येते, रक्त वाहते. हे आम्ही फार उशिरा शिकलो. एक साप माठात कोंडला म्हणजे सर्व साप कळले, असे आम्ही समजलो होतो. त्या समजुतीची किंमत दुसऱ्या कोणी दिली.

म्हणून साप पाळण्याच्या हौसेविषयी आम्ही कडक बोलतो. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांस दाखविणे हा त्यांचा हेतू होता. त्यातून आजच्या पोरांनी घेतले काय? तर गळ्यात नाग घालून छायाचित्र काढणे! कुत्रा माणसाला जीव लावतो. सापाला मालक नसतो. हातात निमूट राहिलेला साप माणसाळलेला नसतो, बहुधा भेदरलेला असतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडचे साप पकडून बाळगणे हा गुन्हा आहे. धनलाभाच्या खुळ्या आशेने निरुपद्रवी मांडुळाचा चोरटा व्यापार करणारेही याच कायद्याने तुरुंगाची वाट धरतात.

कोणी म्हणेल, परदेशात अजगर पाळतात. पाळतात, आणि पस्तावतातही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत हौशी लोकांकडून सुटलेले ब्रह्मदेशी अजगर इतके माजले की तिथले ससे, रॅकून दिसेनासे झाले. शेवटी २०१२ साली त्या अजगरांच्या आयातीवर बंदी आली. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजी मालातून एक परका साप उतरला आणि त्याने रानातले मूळचे बहुतेक पक्षी संपविले. आमच्या दारातही बंदर आहे. पेटीतून काय उतरते, याची चिंता आम्ही केली नाही तर कोणी करावी?

मग सापाशी वागावे कसे? शेजाऱ्यासारखे : अंतर राखून, पण ओळख ठेवून. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यातील पुष्कळ मरणे टळण्याजोगी होती. जमिनीवर निजू नये. निजणे भाग असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. रात्री हाती दिवा घ्यावा. घराशी विटा-लाकडांचा ढीग नको. साप दिसला तर दूर उभे राहून वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास कळवावे. दंश झाला तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलविता माणसाला रुग्णालयात न्यावे, १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. घोड्यांच्या रक्तातून बनविलेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि सर्पदंशाच्या रोग्यांसाठी आयुष्य वेचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भगताच्या अंगणात गेलेला वेळ मात्र कोणताही डॉक्टर परत आणू शकत नाही.

साप साप म्हणून भुई धोपटण्यात शहाणपण नाही, आणि त्याला गळ्यात घालण्यातही नाही. आज कोणी आम्हांस पहाटे बोलावले, तर आम्ही एवढेच म्हणू : आम्हांस कळत नाही, आधी गाडी बोलवा. हे म्हणावयास शिकण्यासाठी आमच्या शेजारचे एक घर ओस पडले. आपल्यापैकी कोणावर तशी पाळी येऊ नये, म्हणून दिवे लागल्यावरही आम्ही हे नाव घेतले.